निसर्गानं हे काढून का नाही टाकलं

आप्पा, तुम्ही एकदा एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला सापडलं आहे. सापडायला जवळजवळ तीस वर्षं लागली. बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या डायलिसिसच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी पुस्तकं वाचत होते, त्यातल्या एकात ते मिळालं. तुम्हाला सांगायला पाहिजे असं तेव्हापासून वाटतंय. आज रविवार आहे, ऑफिस नाही, धुणं वाळत घातलंय, म्हणून लिहायला बसले. तुम्ही सत्तेचाळीसाव्या वर्षी गेलात. मी आता शेहेचाळीस वर्षांची आहे, जिल्हा कचेरीत आहे, दिवसभर कानडीत टिपणं लिहिते. तुम्ही मला शेवटचं बघितलं तेव्हा मी अकरावीत होते.

तुम्ही निपाणीच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचे शिपाई होता. आजोबांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, आजीचा पण तिथंच. घरात ज्याच्या अंगाला तंबाखूचा वास येत नाही असे पहिले तुम्ही. तुमच्या अंगाला फॉर्मालिनचा वास यायचा, आणि आई म्हणायची, "त्यापरीस तंबाखू बरी." तुम्ही सातवीपर्यंतच शिकलेले, पण नववी-दहावीचा विज्ञानाचा तास तुम्ही प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्याशी काचेची भांडी पुसत पुसत वर्षानुवर्षं ऐकला होता. बरणीतल्या बेडकाचं हृदय किती कप्प्यांचं हे वर्गातल्या पोरांच्या आधी तुम्हाला येत असे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला आत नेलं. कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरला, वर लाल थेंब टाकला, आणि मला सूक्ष्मदर्शकापुढं स्टुलावर उभं केलं. "दुसरा डोळा मिटू नको. दोन्ही उघडं ठेव, पण एकानंच बघ." मला विटांची भिंत दिसली. तुम्ही म्हणालात, "ही एकेक वीट म्हणजे एकेक घर. आणि प्रत्येक घरात सगळ्या कांद्याचा नकाशा ठेवलेला असतो, असं सर म्हणत्यात." मी विचारलं, "सगळ्या कांद्याचा कशाला? आपल्या घरापुरता बास की." तुम्ही परत एकदा आत डोळा लावून बघितलं आणि म्हणालात, "ते सरांना विचारलं न्हाय मी." मला अजून आठवतं, 'गप्प बस' म्हणाला नाहीत. विचारलं नाही एवढंच म्हणालात.

पुढच्याच वर्षी तुमच्या पोटाच्या दोन्ही बाजू फुगायला लागल्या. डोकं दुखायचं, लघवी लाल व्हायची. चिकोडीपर्यंत सायकल मारत जाणारा माणूस जिना चढताना थांबू लागला. आजोबा असेच गेले होते, त्यांचे थोरले भाऊ पण असेच. नातेवाईक दारात बसून उघड बोलायचे, "ह्या घरातलं बाप्यं पन्नाशी बघत न्हाईत." बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरात देव्हारा नव्हता, पण आजीच्या मनातून काही गोष्टी गेल्या नव्हत्या. ती कुणाकडून तरी मंतरलेला काळा दोरा घेऊन आली आणि मला म्हणाली, तू बांध, लेकीच्या हातचा लागू होतो. तुम्ही झोपलात तेव्हा मी तो खाटेच्या पायाला बांधला. दुपारी तुम्हाला दिसला. तुम्ही ब्लेडनं तो कापला आणि मला समोर उभं केलंत. त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "कारण ठावं न्हाय म्हणून काय बी खरं मानायचं व्हय? ह्याला शाप न्हाय, करणी न्हाय. काहीतरी कारण हाय. आपल्याला ठावं न्हाय एवढंच." मी रडले. आजी चुलीपुढं तोंड फिरवून बसली. तुम्ही तो तुकडा चुलीत टाकला आणि तिच्याच हातचा चहा मागून घेतला.

आता तो प्रश्न. मी दहावीत होते. विज्ञानाच्या सरांनी त्या दिवशी नैसर्गिक निवड शिकवली. जे टिकायला लायक ते टिकतं, जे वाईट ते निसर्ग पिढ्यान्‌पिढ्या वेचून काढून टाकतो. तास संपला, पोरं गेली. मी दप्तर भरत होते. तुम्ही फडकं हातात घेऊनच पुढं आलात आणि विचारलंत, "सर, एक विचारू का. आमच्या घरात हा आजार बापाकडनं पोराकडं चालत आलाय. एवढं वाईट हाय, तर निसर्गानं हे काढून का न्हाय टाकलं?" सर तक्ता गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "काढतोच की. दुबळे असतात ते गळतात. वेळ लागतो, पण गळतात." ते वाईट मनानं बोलले असं मला आजही वाटत नाही. त्यांनी ऐकलंच नव्हतं, एवढंच. तुम्ही "व्हय सर" म्हणालात आणि फळा पुसायला घेतलात. घरी येताना सायकल हातात धरून चालत आलात, मला मागं बसवलं नाही. कोपऱ्यावर मी विचारलं, "आप्पा, आपण दुबळं हाय का?" तुम्ही म्हणालात, "तू घरी जाऊन अभ्यासाला बस." त्या विषयावर आपण परत बोललो नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. डॉक्टरांनी कागदावर 'किडनी निकामी' एवढंच लिहिलं होतं. आजाराचं नाव कुणी सांगितलं नाही.

नाव माहीत नसलं तरी भीती असतेच. मला नोकरी लागली, स्थळं येऊ लागली. एका घरच्यांनी चहाचे कप खाली ठेवून सरळ विचारलं, "वडील कशानं गेले? आणि आजोबा?" आईनं खरं ते सांगितलं. ते परत आले नाहीत. पुढच्या वेळी मीच नको म्हणाले, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. मनात असं होतं की आपल्यात ते असणार, आपण ते पुढं कशाला द्यायचं. तपासून घ्यावं असं पंचविशीत एकदा ठरवलं होतं, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलेही होते. तिथून बसस्टँडवर परत आले. भावानं मात्र लग्न केलं. तो म्हणाला, "आक्का, हुईल तवा हुईल. त्याच्या भ्यानं आत्ताच कशाला मरायचं?" त्यानं निपाणीत मोटरसायकलचं गॅरेज टाकलं, त्याला मुलगी झाली.

चाळिशीला आल्यावर त्याचं डोकं दुखू लागलं. या वेळी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि आम्हाला पहिल्यांदा नाव कळलं. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, शेकड्यांनी, आणि वाढत जातात. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. बापे आणि बाया असा भेदही त्यात नाही. आजोबांना बहीण नव्हती, तुम्हालाही नव्हती, म्हणून लोकांना तसं वाटलं होतं. वर्षभरात त्याचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तो आणि भावजय बेळगावात शहापूरला माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. मी ऑफिसातून थेट हॉस्पिटलात जायची, म्हणजे भावजय घरी जाऊन जरा पाठ टेकायची.

बसून करायचं काय, म्हणून मी वाचनालयातून पुस्तक आणलं. विज्ञानाच्या कपाटातलं, साध्या लोकांना कळावं म्हणून मराठीत लिहिलेलं, जनुकांवरचं. आजाराबद्दल काही मिळेल या आशेनं घेतलं. आजाराबद्दल त्यात एक ओळही नव्हती, पण मी ते खाली ठेवू शकले नाही. नंतर एक जाड इंग्रजी पुस्तक विकत घेतलं आणि शेजारी डिक्शनरी ठेवून दिवसाला चार-पाच पानं वाचू लागले. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की प्राणी आपल्या जातीच्या भल्यासाठी जगतात. आमच्या पाठ्यपुस्तकात प्राण्यांच्या प्रकाराला 'जाती' असाच शब्द होता आणि तो वर्गात आला की मी बाकाकडं बघत बसायची. इथं लिहिलं होतं की तसं काही नाही. निसर्ग जातीचा हिशेब ठेवत नाही, घराण्याचा नाही, एकट्या जिवाचाही नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकतं ते फक्त जनुक, म्हणजे त्या नकाशातली एकेक ओळ, जी नक्कल होऊन पुढं जाते. शरीर ही तिची तेवढ्या प्रवासापुरती गाडी.

मी हे भावाला वाचून दाखवलं. त्याच्या हातातून लाल नळ्या गेलेल्या, डोळे मिटलेले. तो म्हणाला, "म्हणजे आपण नुसती गाडी. आत बसलाय तो दुसराच."

"तसंच काहीसं."

"मग त्यानं गाडी जरा चांगली ठेवायची न्हाय का? सर्विसिंग करायचं. आमच्याकडं असलं गिऱ्हाईक आलं तर मी तोंडावर बोलतो."

मी म्हटलं, "त्याला पुढची गाडी मिळाली की ह्या गाडीचं काय का होईना."

हे मी सहज बोलून गेले आणि बोलल्यावर थांबले. पुस्तकात ते चार पानं आधीच सांगितलेलं होतं, म्हातारपणाच्या प्रकरणात. मी वाचलं होतं, पण मला ते आत्ता ऐकू आलं. आप्पा, उत्तर ते होतं. जे बिघडलेलं जनुक लहानपणी मारतं, त्याची नक्कल पुढं जातच नाही, ते गळतं. पण जे पस्तिशी-चाळिशीपर्यंत गप्प बसतं, ते तोवर पुढच्या पिढीत पोचलेलं असतं. तुम्ही आजारी पडायच्या कितीतरी आधी आम्ही दोघं जन्मलो होतो. आजोबांना पाच मुलं झाली होती. निसर्गाच्या चाळणीला नंतरचं काही दिसत नाही. म्हणून हे काढून टाकलं गेलं नाही. यात दुबळेपणाचा काही संबंध नाही. तुम्ही दुबळे नव्हता. शाप नव्हता, करणी नव्हती, निसर्गाचा आपल्यावर राग नव्हता आणि आपल्या घराण्यात खोटही नव्हती. एका ओळीत नक्कल करताना कधीतरी चूक झाली आणि ती उशिरा बोलते म्हणून वाचली, एवढंच कारण. ते होतं, तुम्ही म्हणाला तसंच. आपल्याला ठाऊक नव्हतं.

भावानं डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं गं? वाच की पुढं." मी त्याला सांगितलं की आप्पांनी सरांना काय विचारलं होतं आणि सर काय म्हणाले होते. त्याला हे कधीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आप्पांनी बरोबर विचारलंतं की. सरांनाच येत नव्हतं." मग आम्ही दोघंही हसलो, आणि नर्सबाई कानडीत म्हणाली की हलू नका, सुई आहे.

त्यानंतर डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचं काढलं. सगळ्यात आधी भावजय उठून उभी राहिली. "माझी घ्या." पुस्तकात नात्याचं गणित मांडलेलं होतं, भावंडांत सरासरी निम्मं सारखं, आत्या-भाचीत चौथाई, आणि त्या गणितानुसार भावजयीचा आणि भावाचा हिशेब शून्य येतो. मला तेव्हा पुस्तकाचा जरासा राग आला. पुढं लिहिणाऱ्यानंच म्हटलं होतं की हे गणित जनुकांचं आहे, माणसानं कसं वागावं ते यावरून ठरवू नये. ते वाचून बरं वाटलं. पण भावजयीचा रक्तगट जमला नाही. आईला साखर. राहिले मी, आणि माझी कधी तपासणीच झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आधी तुमच्यात हा आजार नाही ना ते बघू. असेल तर प्रश्नच मिटला."

सोनोग्राफी झाली, पुढं मोठं स्कॅनिंग झालं, रक्तातून जनुकाची तपासणी झाली. माझ्या दोन्ही किडन्या स्वच्छ निघाल्या. रिपोर्टचा कागद फिरवून दाखवत डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वडिलांचं ते बिघडलेलं जनुक तुमच्याकडं आलेलंच नाही. बाकी मॅचिंग निम्मं आहे, छान आहे." ते मी घरी येऊन कागदावर मांडून बघितलं. आप्पा, तुमच्याकडं त्या जागी दोन प्रती होत्या. एक आजोबांकडून आलेली, बिघडलेली. एक आजीकडून आलेली, चांगली. भावाला आजोबांची मिळाली आणि मला आजीची. जे निम्मं आमच्यात जुळलं त्यामुळं माझी किडनी त्याला चालणार होती, आणि जे जुळलं नाही त्यामुळं माझ्याकडं द्यायला काही होतं. दोन्ही तुमच्याकडूनच आलेलं. वखारीत तंबाखू झाडणाऱ्या आजीनं मला काय दिलं होतं ते तिला कधी कळलं नाही. ते कळवायला ती असती तर मी तिला पण असंच समोर बसवून सांगितलं असतं.

ऑपरेशन होऊन आता दोन वर्षं होतील. भावाला त्याआधी दिवसाला मोजून चार कप पाणी होतं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता भरपूर प्या. भावजयीनं तांब्या भरून दिला. तो पाणी प्यायला, मधे दम घेतला, परत प्यायला, आणि तोंड पुसून म्हणाला, "लई गोड हाय गं." मी शेजारच्या खोलीतून कूस धरत चालत आले होते ते बघायला. आता तो निपाणीला परत गेलाय, गॅरेज उघडलंय. धूळ लागू नये म्हणून तोंडाला मास्क लावून बसतो आणि गिऱ्हाइकांना सर्विसिंगवरून बोलतो. त्याची मुलगी बारावीला आहे. तिच्या वाट्याला निम्मी शक्यता आहे, आणि हे तिला आम्ही लपवून ठेवलेलं नाही. ती म्हणते, "आत्ती, तपासायचं का न्हाय ते मी अठरा पूर्ण झाल्यावर ठरवणार. माझं मी." तोवर ती वेळेवर बीपी बघून घेते. असलं तरी आता त्याला थोपवून धरणाऱ्या गोळ्या निघाल्यात. गेल्या महिन्यात ती माझ्याकडून ते जाड इंग्रजी पुस्तक घेऊन गेली आणि पहिल्या वीस पानांत अकरा ठिकाणी पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं करून परत आली. दोन प्रश्नांची उत्तरं मला येत होती. बाकीच्या प्रश्नांना मी सांगितलं, ठाऊक नाही, बघूया.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. सोनोग्राफीच्या दिवशी मी टेबलावर पडले होते, पोटावर गार जेल, आणि मशीनवरच्या बाई पडद्याकडं बघत होत्या. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्यातही निघू दे. ऑपरेशनची भीती होती, ते खरं. पण त्याहून जास्त हे होतं की निघालं तर नको म्हणण्यात गेलेली ती सगळी वर्षं बरोबर ठरली असती. नाही निघालं, तर ती कशासाठी गेली? बाई म्हणाल्या, "क्लिअर आहे," आणि मला कागद दिला पुसायला, आणि मला लगेच आनंद झाला नाही. जिना उतरेपर्यंत झाला नाही. खाली बाकावर भावजय डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून ती उठली, डबा तसाच हातात. मग माझ्याच तोंडून आलं, "माझ्यात न्हाय गं. जमंल आता." तिनं डबा बाकावर ठेवला आणि माझा हात धरून म्हणाली, "वन्सं." आनंद मला तेव्हा झाला, आप्पा, आणि तो खरा होता.